दोन चादरी



 आज जळगावात उलेमा आणि डॉक्टर यांच्यासह आपण बोलणार आहोत ते सर्वांना पुरत नाहीत अशा गोष्टींबद्दल: आयसीयूतला बेड, ऑक्सिजन, रक्ताची पिशवी, डायलिसिसचे मशीन.

हा विषय खानदेशाला परका नाही. तापीकाठच्या थाळनेरला ज्यांच्या कबरी आहेत, ते फारुकी सुलतान स्वतःला हजरत उमर फारुक यांचे वंशज म्हणवत. त्या उमर यांच्या खिलाफतीत, हिजरी 18 मध्ये, अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. लोकांना तूप मिळत नाही तोवर आपणही खायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्या काळात त्यांचा रंग काळवंडला, असे इतिहासकार लिहितात.

आपला दुष्काळ वेगळा होता. 2020 च्या उन्हाळ्यात जळगावचा कोविड मृत्युदर देशातल्या सर्वाधिक दरांमध्ये होता. 2021 च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी घरोघरी दागिने मोडले गेले. हे इंजेक्शन सरसकट देऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच केली होती, तरीही! अशा टंचाईत होणारी साठेबाजी पैगंबरांनी पाप ठरवली आहे. इमाम अबू युसुफ तर ज्या वस्तूचा साठा केल्याने लोकांचे हाल होतात, ती प्रत्येक वस्तू त्यात धरतात. औषधाची कुपीही त्यात आली. जुम्म्याच्या खुत्ब्यात हे स्पष्ट सांगितले पाहिजे. शेजारच्या नंदुरबारमध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी दुसरी लाट येण्याआधीच ऑक्सिजन प्रकल्प उभारला होता. टंचाई येऊच न देणे, हा मला वाटपातला पहिला न्याय वाटतो.

पण टंचाई आलीच तर? पैगंबरांच्या काळातल्या उहुदच्या लढाईनंतरची एक हकीकत मी पुन्हा पुन्हा आठवतो. शहीद झालेल्या हमजांच्या कफनासाठी त्यांची बहीण सफिया दोन चादरी घेऊन आली. शेजारी एक अन्सारी, म्हणजे मदिनेचा, शहीद पडला होता, त्याला कफनच नव्हते. एकाला दोन आणि दुसऱ्याला एकही नाही, याची उपस्थितांना लाज वाटली. एकेक द्यायचे ठरले. चादरी मोजून पाहिल्या तर एक मोठी, एक आखूड. मग चिठ्ठी टाकली आणि ज्याच्या वाट्याला जी आली, तीत त्याला गुंडाळले. हे सांगणारे जुबैर सफियांचेच चिरंजीव. हमजा खुद्द पैगंबरांचे चुलते, चादरी सख्ख्या बहिणीने आणलेल्या, तरी मोठी चादर त्यांना आपोआप मिळाली नाही. आपल्याकडे बेडसाठी याहून कितीतरी लांबच्या नात्याचा फोन पुरतो.

स्वतःचा बेड दुसऱ्याला देणे हा इसार, म्हणजे स्वतःआधी दुसऱ्याचा विचार, आहे; कुरआनने त्याची थोरवी सांगितली आहे. मात्र इसार स्वतःच्या हिश्श्याचाच करता येतो. बेड वाटणाऱ्याला दुसऱ्याच्या हिश्श्यावर उदार होता येत नाही. त्याच्या हाती अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, असते.

‘आधी येईल त्याला आधी’ हा नियमही मला पुरेसा वाटत नाही. यावल-चोपड्याकडच्या सातपुड्यातल्या पाड्यावर तडवी किंवा पावरा बाई बाळंतपणात अडली, की आधी झोळी, मग जीप, मग तालुक्याचा दवाखाना. ती जळगावला पोचेपर्यंत ज्याच्या दारात गाडी उभी आहे, त्याने बेड घेतलेला असतो. म्हणून आधी गरज किती तीव्र आहे आणि उपचाराने जीव वाचण्याची शक्यता किती आहे, हे पाहावे. दोन्ही सारखे असतील तर चिठ्ठी. धर्म, जात, खिसा, ओळख यांतले काहीही मोजू नये. हा नियम संकट येण्याआधी ठरवून कॅज्युअल्टीच्या दारावर मराठीत आणि उर्दूत लावावा, असा आमच्या समितीचा प्रस्ताव आहे.

या प्रस्तावाच्या मसुद्यात एक प्रश्न आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला आहे. एकाला लावलेला व्हेंटिलेटर काढून, वाचण्याची आशा जास्त असलेल्या दुसऱ्याला द्यावा का? एकाचे नुकसान टाळण्यासाठी दुसऱ्याचे तेवढेच नुकसान करता येत नाही, असे फिकह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र, सांगते. उपचाराचा उपयोगच उरला नसेल तर काय, हे डॉक्टरांनी सांगायचे आहे. उलेमा आणि डॉक्टर यांनी पहिल्या सत्रात एकत्र बसून हाच प्रश्न आधी घ्यावा, अशी विनंती करतो आणि माझे भाषण थांबवतो.