हवेचा नळ



वसंतातल्या व्याख्यानांना मंडळी इतिहास, साहित्य, अध्यात्म ऐकायला येतात. आम्ही आज न्हाणीघराच्या नळाविषयी बोलणार आहोत. विषय कुणास हलका वाटल्यास क्षमा असावी. पण ज्या नळापायी एका बाईची भाकरी जाण्याची वेळ आली, तो आम्हास तरी हलका वाटत नाही.

आपले तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे. कोजागिरीला सोलापूरकडून आईच्या दर्शनाला पायी निघालेल्या भाविकांची रीघ इथूनच जाते. या रस्त्यावर बांधकामे वाढली आणि जागा महागली, तशी माणसे जमिनीखालीही उतरू लागली. अशाच एका लॉजच्या तळघरात नवे न्हाणीघर आणि संडास बांधला गेला. महिनाभरात तिथे दुर्गंधी सुटली. मालकांनी निष्कर्ष काढला, सफाईवाली बाई कामचुकार आहे. तिची मजुरी कापली आणि तिला काढून टाकण्याची भाषा सुरू झाली. बाई आमच्याकडे आली. म्हणाली, "अण्णा, फिनेल वतून वतून हाताची कातडी गेली, पर वास काय जाईना."

आम्ही एका जुन्या प्लंबरला घेऊन तिथे गेलो. त्याने संडासाची टाकी सोडली आणि शेजारच्या मोरीच्या जाळीशी कान न्यायला सांगितले. आतून गुडगुड आवाज आला. तो म्हणाला, "अण्णा, इथलं पाणी वढलं गेलं. हवेचा पाइपच टाकलेला नाही."

आता हे प्रकरण काय आहे ते पाहू. मोरीच्या जाळीखाली एक वाकडे भांडे असते. देशभरचे कारागीर त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात; आपला न्हाणी शब्द असा परप्रांतात कामाला लागला आहे. त्या बाकात सुमारे 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम उभे राहते. मैल्याच्या नळातला वायू आणि आपले नाक यांच्यामधली भिंत ती एवढीच. संडासाच्या भांड्याखाली असा बाक देण्याचे पेटंट 1775 साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने घेतले.

ही भिंत कशाने पडते? तेलाच्या डब्याला एकच भोक पाडा, तेल गचके खात येईल. दुसरे भोक पाडा, धार सरळ लागेल. कारण तेलाची जागा घ्यायला हवा आत आली. नळाचेही तसेच. टाकी सोडली की पाण्याचा लोंढा नळ भरून धावतो आणि मागची हवा ओढतो. वरून हवा मिळाली नाही, तर तो जवळच्या ट्रॅपमधून ओढून घेतो आणि तिथले पाणीही बरोबर नेतो. म्हणून ट्रॅपच्या पुढून एक नळ निघून गच्चीच्या वर जावा लागतो. त्यातून पाणी वाहत नाही, मैला वाहत नाही, फक्त हवा ये-जा करते. आणि म्हणूनच काटकसर करताना पहिली कात्री त्यालाच लागते.

तळघराची गोष्ट आणखी अवघड. तिथली मोरी बाहेरच्या टाकीपेक्षा खाली असते; तेव्हा सांडपाणी एका खड्ड्यात साठवून पंपाने वर चढवावे लागते. चढलेले पाणी परत येऊ नये म्हणून पंपाच्या नळावर एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह हवा. खड्ड्याचे झाकण घट्ट बसणारे हवे, आणि खड्ड्यालाही हवेचा नळ हवा. पाणी आले की आतली हवा बाहेर जाते, पंप चालला की बाहेरची आत येते. हा नळ चढता न्यावा, मध्ये झोळ ठेवू नये, कारण झोळात पाणी साचून वाट बंद होते. तोंड छपरावर, खिडक्यांपासून दूर, जाळी लावून ठेवावे. त्या लॉजमध्ये यातले काहीच नव्हते. उलट मालकांनी वास घालवायला पंखा बसवला होता. तो रिकाम्या ट्रॅपमधून आणखी वायू खोलीत ओढत होता!

हवेचा नळ असूनही आपल्या उन्हाळ्यात वापरात नसलेल्या मोरीचा ट्रॅप वाळतो. टंचाई असली तरी आठवड्याला एक तांब्या पाणी तिथे ओतावे.

पण वासापुरतेच हे थांबत नाही. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना पेव आठवत असेल. पेव उघडले की काही वेळ मोकळे ठेवायचे, मग दोरीने कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरत नसे. हे शहाणपण खरे. पण मैल्याच्या टाकीला ही परीक्षा कधीही लावू नका. तिथला हायड्रोजन सल्फाइड दिवा जळत असतानाही माणसाला मारतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खोलगट जागी साचतो. प्रथम सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो. शिवाय टाकीत मिथेन असतो. त्याला दिवा दाखवला तर भडका उडेल.

भारतीय मानक सांगते की सेप्टिक टाकीला किमान 50 मिलिमीटर व्यासाचा हवेचा नळ असावा, आणि घर जवळ असेल तर तो छपराच्या 2 मीटर वर न्यावा. मात्र नळ आहे म्हणून टाकीत माणूस उतरवावा, असा अर्थ कुणी काढू नये. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात वा टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी कुटुंबाला 10 लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाखांवर नेली. रक्कम वाढली, पण गेलेला बाप त्यातून परत येत नाही. टाकी उपसायला यंत्राची गाडी मिळते, तीच बोलवावी.

आमच्या त्या बाईचे काय झाले? नळ टाकला, झाकण बसवले, ट्रॅप भरला आणि वास गेला. कापलेली मजुरी मिळवायला मात्र आम्हाला तीनदा खेटे घालावे लागले. नळ भिंतीआड असतो, त्याची उणीव कुणाला दिसली नाही; बाई समोर होती, म्हणून दोष तिच्या पदरात पडला. कामगारांच्या चळवळीत इतकी वर्षे काढल्यावर आम्हास वाटते की पुष्कळ तक्रारींचे मूळ असेच भिंतीआड असते. माणसावर बोट दाखवण्याआधी ती भिंत एकदा तपासावी.

आपण घर बांधाल तेव्हा गवंड्याला फरशीचा रंग जरूर विचारा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: हवा कुठून येणार आणि कुठून जाणार?