खसखशीचं तेल : दाणा आणि चीक

श्रोतेहो, गेल्या दिवाळीत मी असोद्याला गेलो होतो. असोदा म्हणजे जळगावच्या शेजारचं, बहिणाबाई चौधरींचं माहेर. नात्यातल्या एका घरी ओसरीवर बसलो होतो. घरात अनारसे चालले होते. अनारसा खसखशीवर थापायचा, हे काही नवं नाही. पण घरच्या सूनबाईंनी एक लहानशी बाटली आणून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "भाऊ, हे खसखशीचं तेल आहे. पोराले चाटवलं तं रातभर निजीन का?"

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर देण्याआधी खसखस म्हणजे काय, ते नीट समजून घेतलं पाहिजे.

एक घोटाळा आधीच दूर करतो. बाजारात 'खसचं तेल' मिळतं, ते वाळ्याच्या मुळांचं अत्तरासारखं तेल. त्याचा खसखशीशी काही संबंध नाही. खसखस हे अफूच्या झाडाचं बी. सातपुड्यापलीकडे माळव्यात, मंदसौर-नीमच भागात, सरकारी परवान्यानं ही शेती होते. कच्च्या बोंडाला चिरा देतात, त्यातून पांढरा चीक येतो, तो वाळला की अफू. पुढे तेच बोंड वाळतं आणि आत खुळखुळतात ते खसखशीचे दाणे. म्हणजे एकाच बोंडाच्या दोन वस्तू. चीक औषधाचाही आणि विषाचाही, दाणा मात्र अन्नाचा. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंसुद्धा बोंडाच्या व्याख्येतून बी वगळलेलं आहे.

दाणा किती लहान? एका ग्रॅमला सुमारे तीन हजार दाणे भरतात! पण शंभर भाग खसखशीत चाळीस ते पन्नास भाग तेल असतं. शिक्षक मित्रांनी वर्गात करून पाहावं : चिमूटभर खसखस कागदावर ठेवून चमच्याच्या पाठीनं चिरडा आणि कागद उजेडासमोर धरा. डाग आरपार दिसेल.

हे तेल फिकट पिवळं, सौम्य चवीचं. फ्रान्सच्या उत्तर भागात आणि जर्मनीत ते पूर्वीपासून जेवणात आणि दिव्यात वापरलं गेलं. तेलरंगाचे चित्रकार पांढरा आणि फिकट निळा रंग या तेलात घोटतात, कारण जवसाच्या तेलापेक्षा ते कमी पिवळं पडतं. वाळतं मात्र सावकाश. हाही प्रयोग शाळेत होतो. काचेच्या एका तुकड्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, दुसऱ्यावर शेंगदाण्याच्या. काही दिवसांनी जवसाचं तेल साय धरल्यासारखं घट्ट होईल, शेंगदाण्याचं ओलंच राहील. खसखशीचं तेल जवसाच्या जातीचं, सुकणारं.

औषधातला त्याचा उपयोग तर फारच मोठा. 1901 साली फ्रान्समध्ये मार्सेल गेर्बे यांनी या तेलात आयोडीन जोडून एक औषध तयार केलं. 1921 साली सिकार आणि फोरेस्तिए या डॉक्टरांनी तेच तेल शरीरात घालून क्ष-किरणांनी फोटो काढले. आयोडीनमुळे ते फोटोत ठळक उमटतं. पुढे 1950-60 च्या सुमारास न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात, जिथे आयोडीनअभावी गलगंड होई आणि मुलं मतिमंद जन्मत, तिथे या आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शनं दिली गेली आणि पुष्कळ गुण आला. पण ते तेल कारखान्यात बनवलेलं औषध आहे. घाण्यावरच्या तेलात आयोडीन नसतं, हे विसरू नये.

आता खाण्याचं. या तेलाचा मोठा भाग लिनोलिक आम्लाचा असतो. शरीराला ते हवं असतं आणि ते अन्नातूनच मिळवावं लागतं. पण हेच आम्ल आपल्या करडईच्या तेलातही तितकंच भरपूर आहे! मग महागाची बाटली कशाला? शिवाय खसखशीचं खरं धन म्हणजे चुना, कॅल्शियम. शंभर ग्रॅम खसखशीत ते सुमारे चौदाशे मिलिग्रॅम भरतं, आणि तेल काढलं की ते पेंडीत राहतं. म्हणून तेलापेक्षा दाणा बरा. धुऊन, भाजून, वाटून रश्शात घाला, खीर करा. तेल आणलंच, तर थोडं आणा, झाकून थंड जागी ठेवा, तळणाला वापरू नका. ते लवकर खवट होतं. कोरड्या त्वचेला लावायला चांगलं आहे.

शेतकरी बंधूंना एक कळकळीची सूचना. खसखशीला भाव आहे म्हणून कुणी बी पेरू नये. परवाना फक्त मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत मिळतो. 2012 साली बीड जिल्ह्यात अफूची उभी पिकं पोलिसांनी पकडली. 'मी खसखस लावली' हे उत्तर कोर्टात चालत नाही, कारण झाड एकच. तसंच कुणाचा मुलगा आखाती देशात नोकरीला जात असेल, तर त्याच्या मसाल्यात खसखस बांधून देऊ नका. अमिरातीत ती बंद आहे.

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे येतो. दाण्यात अफू तयार होत नाही, पण बोंडाचा चीक आणि भुसा दाण्याला बाहेरून चिकटलेला असू शकतो. किती, हे डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही, तान्ह्याला वाटेल. मी हे सांगत होतो, तोवर कोपऱ्यात बसलेल्या जिजी बोलल्या. ऐंशीच्या पुढच्या बाई. म्हणाल्या, "माझी माय निंदाले जाये. धाकट्याले बायगोयी देये, म्हंजे तो निजे. एक दिस तो उठलाच नई."

ओसरीवर कुणी बोललं नाही. बाळगोळी, म्हणजे अफूची गोळी, ती काही त्या माउलीनं दुष्टपणानं दिली नव्हती. शेतात काम होतं आणि पोराकडे पाहायला कुणी नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायाही हेच करीत. पोर निजलं म्हणजे सुखात आहे, असं त्यांना वाटे. पण अफूनं श्वास मंदावतो, आणि तान्ह्याचा श्वास केव्हा थांबतो ते कळत नाही.

तेव्हा माझ्या भगिनींनो, सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही चाटवू नका. निजवण्यासाठी तर कधीच काही देऊ नका. पोर रडत असेल तर भूक, ओलं दुपटं, ताप पाहा, आणि तरी थांबेना तर दवाखान्यात न्या.

सूनबाईंनी बाटली परत घेतली. "मंग मी हे माह्या टाचीले लावते," म्हणाल्या. हा त्या तेलाचा उत्तम उपयोग! थंडीत आपल्याकडे टाचा फुटतातच.