कोणती नोंद आधी दिसावी?

(औसा येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्या मंडळाची कुटुंबनोंद आता वहीतून संगणकात गेली आहे. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी हे काम मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये चिकाटीने केले, याबद्दल ते अभिनंदनास पात्र आहेत. पडद्यावर नोंदींची यादी उघडली असता कोणत्या ओळी रंगाने उठून दिसाव्यात, असा प्रश्न आता त्यांनी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांच्या ओळी तांबड्या कराव्यात, अशी सूचना आली आहे. प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो; वस्तुतः तो मंडळाच्या हेतूचा आहे. म्हणून चार शब्द बोलतो.

नोंदीवर खूण करण्याची रीत आपणांस नवी नाही. गुणपत्रकात नापासाच्या गुणाखाली आम्ही शिक्षक तांबडी रेघ ओढीत असू. शासनानेही १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तिरंगी शिधापत्रिका आणल्या. त्या वेळच्या नियमाप्रमाणे वार्षिक उत्पन्न पंधरा हजार रुपयांपर्यंत असल्यास पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असल्यास शुभ्र. अट ठरली की रंग ठरला. परंतु कागदाचा रंग एकदा छापला की छापला. कर्ता पुरुष गेला, दुष्काळात पीक बुडाले, तरी पेटीतील केशरी पत्रिका आपण होऊन पिवळी होत नसे. त्यासाठी अर्ज, दाखले आणि तहसिलीचे हेलपाटे आलेच.

संगणकातील रंगाचे तसे नाही. तेथे रंग नोंदीला लावायचा नसतो. अट सांगायची असते. या सोयीस कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. अ‍ॅक्सेसमध्ये ती २००० च्या आवृत्तीपासून आहे. प्रत्येक ओळ पडद्यावर येताना अट तपासली जाते. खरी ठरली तर रंग येतो आणि नोंद बदलली की रंगही बदलतो. अनेक ओळी एकाखाली एक दाखविणाऱ्या फॉर्ममध्ये हाच मार्ग बरा. कारण तेथे रकान्याची चौकट एकच असून तीच ओळीओळीला पुन्हा दिसते. तिला आज्ञा लिहून थेट रंग दिला, तर एका नोंदीसाठी सगळ्याच ओळी तांबड्या होतात.

आता मुख्य मुद्दा. एका चौकटीला २००७ च्या आवृत्तीपर्यंत तीनच अटी देता येत; २०१० पासून पन्नासपर्यंत देता येतात. परंतु दोन अटी एकाच वेळी खऱ्या असतील, तर यादीत जी आधी लिहिली असेल तिचाच रंग दिसतो. दुसरी मागे राहते. कल्पना करा, एका घरची वर्गणी थकली आहे आणि त्याच घरची मुलगी दहावी उत्तीर्ण होऊनही तिच्या पुढील प्रवेशाचा रकाना रिकामा आहे. थकबाकीची अट वर असेल, तर चिटणिसांना ते घर केवळ थकबाकीदार म्हणून दिसेल. मुलगी दिसणारच नाही. आणि बहुधा ज्या घरात वर्गणी थकते, त्याच घरात मुलीचे शिक्षण थांबते. जिला शोधण्यासाठी हे मंडळ आहे, तीच आपल्या रंगाखाली झाकली जाईल.

क्रमाचे मोल आपल्या तालुक्याला सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे नेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतरत्र पडझड पाहून बांधणी वा दुरुस्ती ठरली. त्या वेळी कोणाची घरपट्टी बाकी आहे, हे आधी पाहावे असे कोणासही वाटले नाही.

म्हणून माझी सूचना अशी. पहिली अट शिक्षण थांबलेल्या मुलामुलींची, दुसरी निराधार वृद्ध व विधवा भगिनींच्या घरांची आणि वर्गणीची सर्वांत शेवटी. मंडळ वर्गणीवर चालते हे मी जाणतो. परंतु थकबाकीची यादी वेगळी काढता येते. तिला रंगाची गरज नाही.

तीन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली, रिकामा रकाना आणि शून्य एक नव्हेत. रकाना रिकामा आहे काय, हे तपासणारी अट स्वतंत्र लिहावी लागते. दुसरी, काहींना तांबड्या-हिरव्यातील भेद कळत नाही. म्हणून रंगाबरोबर अक्षर ठळकही करावे. तिसरी, हा तक्ता भर सभेत पडद्यावर दाखवू नये. घरची अडचण मदतीसाठी सांगितलेली असते, चर्चेसाठी नव्हे.

शेवटी, यंत्र रिकामा रकाना दाखवील; पण तो रिकामा का, हे त्या घराचा उंबरा ओलांडल्यावाचून कळणार नाही. रंग दिसला की आठ दिवसांच्या आत कोणी तरी त्या घरी जाऊन यावे, एवढा ठराव आज आपण करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.