दुर्बिणीचे ऑपरेशन आणि घरची काळजी
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही दोघे डॉक्टर नाही. मागच्या वर्षी आमच्या आईंच्या पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन दुर्बिणीतून झाले. त्यात आमचे काय चुकले आणि पुढे विचारून-वाचून काय कळले, तेवढेच सांगतो.

पोटाला मोठी चीर न देता पित्ताशय काढण्याचे पहिले ऑपरेशन जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ साली केले. आपल्या देशात ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली केले. आज आदिलाबादकरांना हे नवे नाही. कोणी इथे रिम्समध्ये दाखवतो, कोणी पैनगंगा ओलांडून यवतमाळ-नागपूर गाठतो.

फायदा किती? जगभरातील ३८ चाचण्या एकत्र तपासून २००६ साली निष्कर्ष निघाला. मोठ्या चिरेच्या ऑपरेशनपेक्षा रुग्णालयातला मुक्काम सुमारे तीन दिवसांनी कमी होतो आणि पूर्ववत व्हायला सुमारे तीन आठवडे कमी लागतात. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातले माणूस तीन आठवडे आधी उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

पण हा फायदा आम्ही घरी आल्यावर घालवत होतो. “पोटाचे ऑपरेशन आहे, उठू देऊ नका,” असे सगळे म्हणाले. आम्ही आईंना अंथरुणावर ठेवले आणि नुसती पेज दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा खांदा दुखू लागला. आम्ही घाबरून परत नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, ऑपरेशनच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात; त्याने पोट आणि छाती यांमधला पडदा चिडतो आणि खांद्यात कळ येते. दोन-तीन दिवसांत ती ओसरते. मग त्यांनी विचारले, “यांना चालवता ना?” आमच्याकडे उत्तर नव्हते. सूचना कार्डावर होत्या. इंग्रजीतले कार्ड आम्ही न वाचताच पिशवीत ठेवले होते.

डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात हेच दाखवले: वेदना नीट आवरल्या, लवकर खायला दिले, लवकर चालवले, तर रुग्ण लवकर सावरतो. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका वाढतो.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. घरी निघण्यापूर्वी सूचना मराठीत समजून घ्या आणि लिहून ठेवा. आजीला तेलुगू येत नसेल तर तिच्यासमोरच विचारा. दुसरे, चालणे म्हणजे कापसाचे गाठोडे उचलणे नव्हे. बाहेरचे टाके लहान असले तरी आतली जखम भरायची असते. वजन कधी उचलायचे, ते डॉक्टरांनाच विचारा. तिसरे, ताप, वाढती पोटदुखी, सतत उलट्या, पिवळे डोळे, पायाला सूज, छातीत दुखणे किंवा धाप यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

आई यंदा आरतीला आमच्या शेजारी उभ्या आहेत. दसऱ्यानंतर वेचणी सुरू होईल. तुमच्या घरी कोणी ऑपरेशन पुढे ढकलत असेल, तर आजच बोला.

गणपती बाप्पा मोरया!