डब्यातलं जेवण आणि बाईची भूक

(पेण आणि रोहा येथे महिला मंडळांच्या बैठकींत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



हल्ली पेणला काय, रोह्याला काय, बायकांची बैठक बसली की वजन उतरवायच्या पावडरीचा विषय निघतोच. कुणाच्या जावेने सुरू केलेली असते, कुणाला शेजारणीने हळदीकुंकवात डबा दाखवलेला असतो. जेवण बंद, त्याऐवजी पावडर कालवून प्यायची. "ताई, घेऊ का?" असं मला विचारतात. मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली बाई आहे. पण या प्रश्नात औषधाइतकंच घरही आहे, म्हणून बोलते.

दिवसाला ८०० किंवा त्याहून कमी कॅलरी, असा हा आहार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशेबाने बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात, मध्यम कष्टाच्या बाईला २१३०. आता गणपतीच्या कारखान्यात सीझनला रात्री उशिरापर्यंत रंगकाम करणारी, किंवा धाटावला पाळीवर जाऊन घरी परत चूल पेटवणारी बाई डोळ्यांपुढे आणा. ८०० मध्ये तिचं कसं भागायचं?

तरी ही सगळी लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या रोग्यांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचे पेय-सूप, दुसरं जेवण नाही. वर्षअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. दोन वर्षांनी ३६ टक्के उरले. गोळ्यांवर पैसा घालवणाऱ्या घराला हे आकडे लहान नाहीत. पण ते साधलं कसं, तेही ऐका. माणसं निवडून घेतली होती, सगळ्यांचं वजन जास्त होतं, इन्शुलिन घेणारं त्यांत कुणी नव्हतं. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी दवाखान्याने बंद केल्या. नंतर काही आठवड्यांत जेवण हळूहळू परत आणलं, आणि पुढेही दरमहा कुणीतरी विचारपूस करत राहिलं.

आपल्याकडे यातला फक्त डबा आला. बाई साखरेची गोळी घेतच राहते आणि जेवण सोडते. काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न नसेल तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, भोवळ येते. शिवाय झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होतात, केस गळतात, बद्धकोष्ठ होतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने तर या वाटेला जाऊच नये. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रथिनांच्या पातळ औषधासारख्या पेयांची अशीच लाट आली होती. कातडी-हाडांपासून काढलेलं हलकं प्रथिन होतं ते. सुमारे साठ माणसं दगावली, त्यांत बहुतेक बायका होत्या. आजच्या पावडरी त्याहून बऱ्या असतात, हेही खरं.

डबा विकणारीही आपलीच असते. तिच्यावर राग धरून काय करायचं? नवऱ्याचं काम सुटलेलं, हातात पैसा नाही, कुणीतरी सांगितलं की घरबसल्या कमाई होईल. माल आधी तिनेच पैसे भरून उचललेला असतो, म्हणून "डॉक्टरला विचारून घे" हे वाक्य तिच्या तोंडून निघत नाही. मला त्रास होतो तो आणखी एका गोष्टीचा. हा डबा आपल्याला इतका सहज का पटतो? कारण उपाशी राहायची सवय आपल्याला आधीच आहे. सोमवार, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार. आणि रोजचं शेवटचं ताट, ज्यात कालवण असेलच याची खात्री नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच पाहणीत २३ टक्के जाड आणि २१ टक्के रोड. म्हणजे जाड दिसणारी बाईसुद्धा आतून उपाशी असू शकते. तिला भाताबरोबर वालाचं बिरडं, अंडं, सुकट-जवळा, पालेभाजी हवी असते, आणि आपण तिचं तेवढंही ताट काढून घेतो.

वजन कुणाला खुपतंय, हेही विचारा. गुडघे दुखतात म्हणून बाई स्वतः म्हणत असेल तर तो आजार समजून दवाखान्यात जाऊ. बाळंतपणानंतर सासरी टोमणे पडतात म्हणून, किंवा मुलगी बघायला पाहुणे यायचेत म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला पावडर पाजत असतील, तर बोलणं पोरीशी नव्हे, घरातल्या मोठ्यांशी करायला हवं. तिचं लग्नाचं वयही झालेलं नाही, ते वेगळंच.

ज्यांनी सुरू केलंय त्यांनी घाबरून एकदम दोन्ही वेळ भरपेट जेवायला लागू नका. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब तपासून घ्या, चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. आणि पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी डबा आहे त्यांनी तो घेऊन या. मागची बारीक अक्षरं आपण मोठ्याने वाचू. विकणाऱ्या बायकांनाही बोलवा.