प्राण्यांची नावे आणि बालकांचे शुद्धलेखन
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



बालकांच्या शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चिटणीसांनी मला आज्ञा केली. विषय मोठा आणि वेळ अल्प. म्हणून त्यातील एक लहानसा, परंतु घरोघरी अडणारा भाग मी निवडला आहे. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना पशुपक्ष्यांची नावे मराठीत अचूक लिहावयास कशी शिकवावीत, एवढेच मी सांगणार आहे.

आपली डोंबिवली ही वाचनाची आवड असलेल्या लोकांची नगरी. २०१७ साली नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले. तथापि याच नगरीत आपल्यातील पुष्कळ मुले आता इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. 'ई-एल-ई-पी-एच-ए-एन-टी' हे एका दमात म्हणणारे मूल 'हत्ती' लिहावयास सांगितले की पेन्सिल चावू लागते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु सक्तीने तासिका मिळते, गोडी लागत नाही. ती घरातच लागावी लागते.

इंग्रजीत 'सी-ए-टी' ही अक्षरांची नावे कितीही वेळा उच्चारली तरी त्यांतून मांजराचे नाव कानावर येत नाही. म्हणून तेथे पाठांतर अपरिहार्य ठरते. मराठीचे तसे नाही. 'ब', 'द', 'क' म्हटले की बदक समोर उभे राहते. म्हणून मराठी शब्दाची घोकंपट्टी करवून घेऊ नये. आधी शब्द मोठ्याने म्हणवावा, प्रत्येक अक्षराला एक टाळी वाजवावयास सांगावी, आणि मगच पाटी हाती द्यावी. गा-ढ-व, तीन टाळ्या, तीन अक्षरे. कानाला जे पटले ते हात सहसा विसरत नाही.

नावांचा क्रमही विचारपूर्वक लावावा. प्रथम बदक आणि मगर; यांना काना, मात्रा काहीच नाही. नंतर कान्याचे ससा, वाघ, खार, माकड, कासव. मग वेलांटी आणि उकार, त्यानंतर अनुस्वाराचे उंट आणि मुंगी, आणि सर्वांच्या शेवटी जोडाक्षरांचे कुत्रा, हत्ती, कोल्हा, म्हैस. पुस्तकातील चित्र मोठे आहे म्हणून पहिल्याच दिवशी 'हत्ती' लिहावयास लावणे म्हणजे पहिल्याच पायरीवर मुलाला थकविणे होय.

आता ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्न. त्याच्या धास्तीने मोठी माणसेही लेखणी खाली ठेवतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. बालकांना हे नियम पाठ करावयास लावू नयेत. त्यांतील नेहमी लागणारे बहुतेक नियम प्राणीच शिकवितात. शब्दाच्या अखेरीची वेलांटी व उकार दीर्घ: शेळी, मुंगी, पिसू. शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसरी वेलांटी वा उकार दीर्घ: उंदीर, मुंगूस, ढेकूण, घूस. अनुस्वार असला किंवा पुढे जोडाक्षर आले तर ऱ्हस्व: उंट, कुत्रा, डुक्कर. 'विंचू' या एका शब्दात दोन नियम आहेत. 'वि' ऱ्हस्व, कारण तिच्यावर अनुस्वार. 'चू' दीर्घ, कारण तो शेवटी. 'कीड' आणि 'किडा' हे दोन शब्द मुलाकडून पाठोपाठ म्हणवून घ्या; कोठे लांबवावयाचे आणि कोठे आखडावयाचे हे त्याची जीभच सांगेल. 'कीटक' मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला पाहुणा. त्याची वेलांटी त्याच्याच घरच्या रीतीने दीर्घ राहते. 'सिंह' हाही तसाच. आपण 'सिंव्ह' असे म्हणतो, परंतु लिहिताना केवळ शीर्षबिंदू देतो. असे शब्द थोडे आहेत. तेवढे डोळ्यांनी ओळखावयास शिकवावे.

मुले खरी अडखळतात ती नाव वाक्यात गेल्यावर. 'उंदीर' बिळात असतो, परंतु मांजर पकडते ते 'उंदराला'. 'मुंगूस' होते 'मुंगसाला', 'ढेकूण' होतो 'ढेकणाला', 'डुक्कर' होते 'डुकराला' आणि 'म्हैस' होते 'म्हशीला'. सुटे शब्द लिहवून घेण्यात शिक्षण अर्धेच राहते. म्हणून रोज रात्री जेवणे झाल्यावर दोन प्राण्यांची एक गोष्ट सांगावी आणि तिच्यातील एकच वाक्य मुलाकडून लिहवून घ्यावे. एकच, अधिक नको.

प्राण्यांच्या पिल्लांची नावे हा आपल्या भाषेतील एक ठेवा आहे. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू. सर्वांच्या शेवटी दीर्घ ऊ. अनेक झाली की वासरे, करडे, कोकरे. आपले वाडवडील याच शब्दांवर अखेरीस अनुस्वार देऊन 'वासरूं' लिहीत. १९६२ च्या नियमांनी तो अनुच्चारित अनुस्वार गेला. आजोबांच्या जुन्या पोथीत वा पत्रात तो दिसल्यास ती चूक नव्हे, एवढे नातवंडांना अवश्य सांगावे. ब्लॉकमध्ये राहणाऱ्या मुलांनी रेडकू कोठे पाहावे, असे कोणी विचारील. चित्रात पाहावे. पण पाल, मुंगी, झुरळ आणि उंदीर यांनी तर ब्लॉक सोडलेला नाही! खिडकीत कावळा येतो, झाडावर खार दिसते. आरंभ त्यांच्यापासून करावा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावयाची आहे. आपल्या घरांत भाषेचे नाना प्रकार नांदतात. कोणाकडे म्हैस ही 'म्हस' असते, कोणाकडे ढेकणातील 'ण' चा 'न' होतो. मूल जसे ऐकते तसे लिहिते. म्हणजे त्याचा कान शाबूत आहे. त्याला हसू नये आणि चारचौघांत 'अशुद्ध' म्हणू नये. घरची बोली घरी राहो. लिहिताना ग्रंथातील रूप घ्यावे, एवढे गोडीने सांगावे. ज्याला एकदा हसले, ते मूल पुढे लिहावयाचेच टाळते, आणि न लिहिणाऱ्याचे लेखन सुधारणार कसे?

या बाबतीत आदर्श फार दूर शोधावयास नको. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या त्या भागात, त्यांनी व अनुताई वाघांनी आदिवासी मुलांना दगड, पाने, शिंपले यांच्या साहाय्याने शिकविले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा अनुताईंनी शाळाच कुरणात नेली. मूल जेथे आहे तेथे गुरूने जावे, हा त्यातील बोध होय.

बंधुभगिनींनो, आपले मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करते, ते योग्यच आहे. माझी एवढीच सूचना की पुढील संमेलनात आठ वर्षांखालील मुलांसाठी एक तास राखावा. प्रत्येकाने आपल्या आवडत्या प्राण्यावर पाच वाक्ये मराठीत लिहावी आणि निवडक लेखन या वार्षिक अंकात छापावे. अंक काढावयाचे नाहीत. हा अंक आज आपण वाचतो, परंतु पंचवीस वर्षांनी तो कोण वाचणार? आज जे मूल 'उंदराला' हा शब्द न घाबरता लिहील, तेच.