शिरपूरची स्मिता



आपल्या शिरपूरच्या पाटलांची स्मिता दूरदर्शनवर जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायची, हे बाईंनी सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. आता ऑनलाइन मीटिंगला माझंही तेच, वर कुर्ता, खाली पायजमा!

‘भूमिका’, ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ला पद्मश्री. आणि डिसेंबर १९८६मध्ये, बाळ पंधरा दिवसांचं असताना ती गेली. वय ३१.

माझ्या एकतिसाव्या वर्षी लेक तीन महिन्यांची होती. ताप अंगावर काढत मी सॉफ्टवेअरचं रिलीज सांभाळत होते. आईनं धुळ्याहून येऊन लॅपटॉपच मिटला. ‘ऊठ वं माय, दवाखानामा चाल.’ मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

आई आज पहिल्या रांगेत बसलीय. आई, तेव्हाचं राहिलेलं सॉरी.